काळ्या पैशाला बॅकारॅटच का आवडतो?

जुगारात माणूस बरबाद होतो हे आमच्या वस्त्यांना कोणी शिकवायला नको. मटक्याच्या आकड्यापायी मंगळसूत्र गहाण पडलेली घरे आम्ही पाहिली आहेत. परंतु जुगाराच्या टेबलावर असाही एक वर्ग येऊन बसतो, ज्याला जिंकायचेच नसते. थोडे हरण्याची त्याची तयारी असते. त्या हरण्याला तो धुलाईचा खर्च समजतो. हा वर्ग म्हणजे काळा पैसा पांढरा करणाऱ्यांचा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्क येथील खाते संगणकाच्या मार्गाने फोडण्यात आले. चोरांनी सुमारे ९५ कोटी डॉलर मागितले होते. त्यांतले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधील रिझल बँकेच्या मकाती येथील एका शाखेत खोट्या नावांच्या खात्यांवर जमा झाले. कापड कारखान्यांत राबणाऱ्या बाया आणि आखातात घाम गाळणारे मजूर यांच्या कष्टातून त्या देशाची परकीय गंगाजळी उभी राहते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. चोरांनी दिवसही अचूक निवडले होते. ढाक्यात शुक्रवारची सुटी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्ष! बँकांची दारे उघडून चौकशी सुरू होईपर्यंत पैसा निघून गेला होता. त्यातला मोठा भाग गेला मनिलाच्या कॅसिनोंत, आणि तेथे खेळ खेळला गेला तो बॅकारॅटचा.

बॅकारॅटच का? हा खेळ पोरखेळाइतका सोपा आहे. ‘प्लेअर’ आणि ‘बँकर’ असे दोन हात वाटले जातात. नऊच्या जवळ जो जाईल तो जिंकला. खेळणाऱ्याने फक्त कोणत्या हातावर पैसे लावायचे एवढे ठरवायचे, डोके चालवायचे कारण नाही. शंभर डावांत बँकर साधारण ४६ वेळा, प्लेअर ४५ वेळा जिंकतो, उरलेले डाव बरोबरीत सुटतात आणि लावलेले पैसे परत मिळतात. आता दोन साथीदार समोरासमोर बसले, एकाने बँकरवर एक लाख लावले, दुसऱ्याने प्लेअरवर एक लाख लावले, तर काय होईल? एकाचे गेले ते दुसऱ्याला मिळाले. बँकर जिंकला तर कॅसिनो पाच टक्के दलाली कापतो, म्हणजे दोन लाखांत पाच हजार गेले. एरवी काहीच जात नाही. सरासरी काढली तर एका डावाला सव्वा टक्कासुद्धा खर्च येत नाही. डाव वाढतील तसा हा खर्च वाढतो हे खरे, पण चोरीच्या पैशाला तेवढे परवडते.

रूलेटमध्येही लाल आणि काळ्यावर सारखे पैसे लावून हेच साधता येते. मात्र शून्याच्या घरात गोटी पडली की दोन्ही जातात. स्लॉट मशिन हे किरकोळीचे काम, लॉटरीत तर निम्मा पैसा आधीच बुडतो. पोकरची गोष्ट वेगळी. तेथे खेळाडू एकमेकांविरुद्ध बसतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याला मुद्दाम हरून पैसे पोचवणे सहज शक्य असते. परंतु कोट्यवधींची रक्कम तासाभरात फिरवायची तर बॅकारॅटसारखा खेळ नाही. बड्या गिऱ्हाइकांच्या बंद खोल्यांत त्यावर लावायची मर्यादाही अफाट असते.

कोणी म्हणेल, खेळायचे तरी कशाला? चिप्स घ्याव्यात आणि परत कराव्यात! पण न खेळता चिप्स परत करणारा चटकन नजरेत भरतो. शिवाय ‘जंकेट’ म्हणजे बडे जुगारी आणणाऱ्या दलालांच्या खोल्यांत ज्या चिप्स मिळतात त्या थेट रोखीत बदलता येत नाहीत, आधी डावावर लावाव्या लागतात. जिंकल्यावर हाती येतात त्या चिप्स मात्र रोखीच्या. त्या वटवल्या की चोरीची रक्कम आणि हातातली नोट यांचा दुवा तुटला.

या सगळ्यात कायदा कोठे होता? फिलिपिन्सच्या मनी लॉंडरिंगविरोधी कायद्यातून कॅसिनो चक्क वगळलेले होते! २०१७ साली दुरुस्ती करून ते आत घेतले. बांगलादेशला २०१६ च्या अखेरीपर्यंत जेमतेम दीड कोटी डॉलर परत मिळाले, आणि फिलिपिन्समध्ये या प्रकरणी पहिली शिक्षा झाली ती २०१९ मध्ये, बँकेच्या शाखाधिकारी बाईंना.

आपल्याकडे २००२ चा कायदा २००५ पासून लागू झाला आणि २००९ च्या दुरुस्तीने कॅसिनो त्याच्या कक्षेत आले. जुगारातील कमाईवर ३० टक्के आयकर आहे, म्हणून ‘गोव्यात जिंकलो’ असे दाखवून पैसा धुणे येथे महाग पडते. (शेतीचे उत्पन्न दाखवले तर आयकर शून्य, हे आमच्या पुढाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.) महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचे ठरले. वस्तीतल्या आकडेवाल्यावर मात्र १८८७ चा जुगारबंदी कायदा अजूनही वापरला जातो. शे-दोनशे रुपये आणि चिठ्ठ्यांचा पंचनामा तत्परतेने होतो. मांडवी नदीतल्या बोटींवर कोणी किती लाखांच्या चिप्स घेतल्या, त्यांतल्या किती डावावर लावल्या आणि समोरच्या हातावर पैसे लावणारा त्याचा कोण लागत होता, याचा हिशेब पोलिस तितक्याच तत्परतेने मागतात काय?