तिजोरी नवी करण्यापूर्वी

बँकेच्या शाखेत तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे, तर दुसरी रोखपालाकडे असे. दोघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नसे. ही शिस्त मी सेवाकाळात कसोशीने पाळली. निवृत्तीनंतर घरच्या संगणकाबाबत मात्र तिचा मला विसर पडला.

मुलाच्या दुकानाचा हिशेब आमच्या घरच्या संगणकावर टॅलीमध्ये ठेवला जातो. एका ऑगस्टमध्ये तो फार संथ झाला, नको त्या जाहिराती आपोआप उघडू लागल्या. सर्व पुसून विंडोज नव्याने बसवण्याचा सल्ला माझाच. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर आणि छायाचित्रे पेन ड्राइव्हवर उतरवली आणि निश्चिंत मनाने बाकी सारे पुसून टाकले. संध्याकाळी टॅली उघडले, तर हिशेब नाहीच! टॅली प्राइमची माहिती बहुधा ‘पब्लिक’ नावाच्या निराळ्या फोल्डरमध्ये असते, हे मी पाहिलेच नव्हते. सनदी लेखापालांकडे मार्चअखेरची प्रत होती, म्हणून निभावले. एप्रिलपासूनची सारी बिले सूनबाईने अकरा रात्री जागून पुन्हा चढवली. तिने एका शब्दानेही बोलून दाखवले नाही. तेच मला अधिक बोचले.

तेव्हा वाचकहो, नवे विंडोज बसवणे हे काम तासा-दोन तासांचे. खरे काम त्याआधीचे आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. म्हणून टॅलीतील ‘बॅकअप’ सुविधेने प्रत काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड! टॅलीचा परवाना ‘सरेंडर’ करावा. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे सॉफ्टवेअर पुन्हा लागेल, ते कोठून मिळवायचे हे टिपून ठेवावे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी.

संगणक केवळ मंदावला असेल, तर सेटिंग्जमधील ‘रिसेट’ची सोय पुरते. विषाणूची शंका असल्यास मात्र दुसऱ्या निर्धोक संगणकावरून, मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून, किमान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून घ्यावे. विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. जुन्या यंत्रात ती आहे का, हे आधी तपासावे.

आता किल्ल्यांविषयी. संगणकावर दोन खाती उघडावीत. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खात्याचा पासवर्ड घरातील एका जबाबदार व्यक्तीकडेच असावा. रोजचे काम आणि मुलांचा वापर साध्या ‘स्टँडर्ड’ खात्यातून व्हावा. मग कोणी चुकून भलतेच काही उघडले, तरी पासवर्डावाचून संपूर्ण यंत्रणेत बदल करणे त्याला अवघड जाते.

अपडेट पुढे ढकलू नयेत. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांवरील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. म्हणूनच प्रतीची बाह्य डिस्क काम होताच संगणकापासून काढून ठेवावी; जोडलेली राहिली, तर तीही कुलूपबंद होऊ शकते. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असे सांगणाऱ्या अनोळखी फोनवाल्याला संगणकाचा ताबा देऊ नये. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता 1930 वर कळवावे.

आता आमच्याकडे दर शनिवारी दुकान बंद झाल्यावर सूनबाई प्रत काढते आणि मी ती उघडून पाहतो. रजिस्टरवर दोघांची सही होते. दिवाळीत वहीपूजनाला नव्या वहीशेजारी ती डिस्कही ठेवतो. आमची खरी वही आता तीच आहे.