स्वतःला गुण देणं थांबवताना

१९९० साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या एका सरकारी समितीनं आपला अहवाल मांडला. विषय होता आत्मसन्मान. जॉन व्हॅस्कन्सेलोस या आमदाराच्या आग्रहामुळे १९८६ मध्ये ही समिती नेमली गेली होती. गुन्हेगारी, व्यसनं, शाळेतलं अपयश या साऱ्यांच्या मुळाशी माणसाचं स्वतःबद्दलचं हीन मत आहे आणि ते उंचावलं की समाजाचे बरेच आजार आटोक्यात येतील, अशी त्यांची मनापासूनची श्रद्धा होती. १९९० मध्येच इकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसांना गेल्या काही दशकांत कशी मदत केली गेली हे पाहायचं, तर दोन्ही वाटा लक्षात घ्याव्या लागतात. कारण त्यांची दिशा वेगळी होती.

आत्मसन्मान मोजण्याची सोय कॅलिफोर्नियाच्या आधीच झाली होती. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांमधल्या पाच हजारांवर किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची दहा विधानांची मापनश्रेणी आजही जगभर वापरली जाते. एखादी गोष्ट मोजता आली की ती वाढवावीशी वाटते, तसंच इथे झालं. १९६९ मध्ये नॅथॅनियल ब्रँडन यांच्या पुस्तकानं हा विषय घरोघरी नेला. मग आरशासमोर उभं राहून स्वतःची स्तुती करा, मुलांना सतत ‘तू खास आहेस’ सांगा, असे उपाय आले. आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतही ते पोहोचले. खरं तर मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८९० मध्येच आत्मसन्मानाचा भागाकार मांडला होता: मिळालेलं यश भागिले स्वतःकडून केलेल्या अपेक्षा. उत्तर मोठं करायला छेद कमी करूनही चालतं, हे त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. ते मात्र मागे पडलं.

पुरावा या लाटेच्या बाजूनं उभा राहिला नाही. समितीसाठीच विद्यापीठीय अभ्यासकांनी १९८९ मध्ये जो ग्रंथ तयार केला, त्यात आत्मसन्मान आणि सामाजिक प्रश्न यांचे दुवे अपेक्षेपेक्षा बरेच क्षीण निघाले. २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं. आत्मसन्मान वाढवल्यानं मुलांचे गुण वाढतात असं त्यांना दिसलं नाही. चांगल्या गुणांमुळे आत्मसन्मान वाढतो, हे अधिक संभवनीय होतं. २००९ सालच्या जोआन वुड यांच्या कॅनडातल्या प्रयोगानं तर या उपायांच्या वर्मावरच बोट ठेवलं. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य मनाशी घोकल्यावर, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात वाईट होतं त्यांना आणखीच वाईट वाटलं. ते साहजिकही आहे. प्रत्येक घोकणीसोबत आतून ‘खोटं आहे हे’ असा प्रतिवाद उठत असणार.

याचा अर्थ हे दुःख खोटं, असा कुणी काढू नये. जूलिया सोविस्लो आणि उलरिश ऑर्थ यांनी २०१३ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खालावलेला आत्मसन्मान पुढच्या नैराश्याची चाहूल देतो हे पुन्हा दिसलं. दुखणं खरंच होतं, औषध चुकलं होतं.

दुसरी वाट अल्बर्ट एलिस यांची. न्यूयॉर्कच्या या मानसशास्त्रज्ञानं १९५५ पासून विवेकनिष्ठ मानसोपचार घडवला, आणि नव्वदी ओलांडल्यावर, २००५ मध्ये, आत्मसन्मान ही कल्पनाच भ्रामक आहे असं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं मला आजही या विषयातलं सर्वांत धाडसी वाटतं. माणसाच्या कृतीला गुण द्यावेत. माणसाला देऊ नयेत. चांगले गुणही नकोत, कारण आज यशामुळे ‘मी थोर’ म्हणणारा उद्या अपयशानं ‘मी नालायक’ म्हणणारच. विनाअट आत्मस्वीकार हे त्यांचं उत्तर. ते अंगी बाणावं म्हणून एलिस गृहपाठ देत: भुयारी रेल्वेच्या डब्यात स्थानकांची नावं मोठ्यानं ओरडा, लोक हसू देत, आणि हसण्यानं तुमची किंमत घटत नाही हे अनुभवा.

हा विचार मराठीत आणण्याचं मोठं श्रेय मुंबईच्या कि. मो. फडके यांचं. एलिस यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार होता. ‘अल्बर्ट एलिस: विचारदर्शन’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं, अनेकांना प्रशिक्षण दिलं. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. नाडकर्णींनी हीच पद्धत लेखनातून आणि व्याख्यानांतून सामान्य श्रोत्यांपर्यंत नेली. ‘मला पहिला नंबर हवा’ ही इच्छा आणि ‘तो मिळालाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा अट्टहास यांतला फरक आज एखादी आईसुद्धा दहावीच्या मुलाला समजावून सांगते, यामागे ही मेहनत आहे. महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनातलं हे काम मोठं आहे आणि त्याची पुरेशी नोंद झालेली नाही.

तिकडे ऑक्सफर्डमध्ये मेलनी फेनेल यांनी १९९० च्या दशकात समुपदेशनाचा आराखडा अधिक बारकाईनं मांडला. ‘मी मूर्ख आहे’ हे मत लहानपणी तळाशी बसतं. मग माणूस त्या मतापासून स्वतःचा बचाव करत जगतो. वर्गात प्रश्न विचारत नाही, बढतीसाठी अर्ज करत नाही, कौतुक झालं की ‘कसलं काय’ म्हणून झटकतो. त्यामुळे मत चुकीचं ठरण्याची संधीच येत नाही. समुपदेशक इथे स्तुती करत बसत नाही. ‘प्रश्न विचारला तर काय होईल असं वाटतं?’ हे तो लिहून घेतो, पुढच्या आठवड्यात एक प्रश्न विचारायला लावतो, आणि प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी लिहायला सांगतो. काम संथ असतं, पण वहीतला पुरावा त्या माणसानं स्वतः मिळवलेला असतो.

या साऱ्या पद्धतींना एक गोष्ट उशिरा कळली, काहींना अजून कळायची आहे. हीनत्वाची भावना नेहमी चुकीच्या विचारातूनच येते असं नाही. पुष्कळदा ती बाहेरून लादलेली असते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेल्या लोकांनी प्यायलं, तेव्हा आत्मसन्मान हा हक्क म्हणून मांडला गेला. वसतिगृहात आडनाव विचारून टोमणे मारले जाणाऱ्या मुलीला ‘तुझ्या विचारांत गडबड आहे’ असं सांगणारा समुपदेशक तिच्यावर दुसरा अन्याय करतो. आधी अपमानाला अपमान म्हणायचं, तक्रारीची वाट दाखवायची आणि मग आत काय रुतलं आहे ते पाहायचं, हा क्रम प्रशिक्षणातच शिकवला गेला पाहिजे.

ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस ही १४४१६ क्रमांकावरची मोफत सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. संकटाच्या रात्री तिचं मोल फार मोठं आहे. पण स्वतःबद्दलचं वर्षानुवर्षांचं मत एका फोननं हलत नाही. त्याला तोच समुपदेशक आठवड्यामागून आठवडे भेटावा लागतो. ठाणे, मुंबई, पुण्यात पैसे मोजणाऱ्याला तो मिळतो. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आणि महाविद्यालयात तो पगारी, प्रशिक्षित आणि कायमस्वरूपी असावा, ही मागणी आता लावून धरायला हवी.