रंगाखालचं सागवान

वाडे उतरू लागले, की आधी माणसं पांगतात, मग लाकूड. कोरीव दारं, खांब, तुळया ट्रकवर चढून शहराकडं जातात. मोडकं, कुणालाच नको असलेलं सामान गावात उरतं. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या आमच्या अनसिंगला अशाच एका वाड्यातलं दोन दारांचं कपाट मी विकत घेतलं. अंगावर हिरव्या ऑइलपेंटचे थर, एक पाय वाळवीनं खाल्लेला. ‘एवढ्या पैशांत प्लायवूडचं नवंकोरं आलं असतं,’ हे घरातल्यांचं मत.

मिस्त्रींनी आतली फळी रंध्यानं जराशी तासली. सोनेरी रेषा उमटल्या. ‘‘गुरुजी, हे सागवान हाये. याले रंग कायले पाह्यजे?’’ वाळवीनं खाल्लं होतं ते बाहेरचं पांढरं, कच्चं लाकूड. आतला पक्का गाभा शाबूत होता. सागाचा गाभा किडीला सहजी दाद देत नाही. आपल्या विदर्भातलंच सागवान २०२३ साली बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, ते काही उगीच नव्हे.

मिस्त्री जुना रंग जाळायला ब्लो-लॅम्प पेटवू लागले, तेव्हा मात्र मी त्यांना थांबवलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडं २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. असा रंग जाळला तर धूर, कोरडा घासला तर धूळ. आणि शिसं लहान लेकरांच्या मेंदूवरच घाला घालतं. माझी दीड वर्षाची नात अंगणात सापडेल ते तोंडात घालते.

‘‘पंचवीस वर्सं म्या असाच रंग जाळतो,’’ मिस्त्री म्हणाले. पंचवीस वर्षांचा तो धूर कुणाच्या छातीत गेला असेल, हे आम्हा दोघांनाही बोलायची गरज पडली नाही.

नातीला तिच्या मामाकडं धाडलं. अंगणात प्लॅस्टिक अंथरलं. वॉटरपेपर पाण्यात बुडवून ओलंच घासायचं, निघालेला गाळ पुसून पिशवीत बांधायचा, असं ठरलं. दोन दिवसांचं काम पाच दिवसांवर गेलं, मजुरीही तशीच वाढली. बाजूंचा रंग घट्ट होता. तिथं पृष्ठभाग नुसता ओला घासून प्रायमर आणि नवा रंग दिला. घट्ट बसलेला थर झाकून टाकणं हेच तिथं शहाणपणाचं. दारं मात्र लाकडापर्यंत मोकळी केली. पायाला सागाचाच तुकडा जोडला. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्यानं, हात न थांबवता, थरावर थर. ही लाख पळस-बोरीवरच्या किड्यांची देणगी. आपल्या रानातल्या झाडांचंच हे लेणं.

हिशेब मांडला, तर प्लायवूडचं कपाट स्वस्त पडलं असतं, हे खरंच. पण जुनं लाकूड वाचवायचं, तर ते घासणाऱ्या माणसाच्या छातीची किंमतही त्या हिशेबात धरायला हवी. ती धरून जो सौदा परवडेल, तोच खरा परवडला म्हणायचा.