सुईची भीती आणि रोगाची बाकी

कोरोनाची लस आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ पासून टोचायला सुरुवात झाली. त्याला वर्षे लोटली, तरी पारावर, आठवडी बाजारात, मयताच्या घरी एक वाक्य हमखास कानावर येते : "लस घेतली तेव्हापासूनच हे सुरू झालं बघा." कुणाचे गुडघे धरले, कुणाला चार सऱ्या खुरपल्या की दम लागतो, कुणाचा चाळिशीतला भाऊ रात्री पाणी धरताना जागेवर गेला. बोट मात्र प्रत्येक वेळी सुईकडेच.

एप्रिल २०२४ मध्ये या बोलण्याला बळ मिळाले. ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात दिलेल्या कागदपत्रात, आपल्या लसीमुळे फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात, असे मान्य केल्याची बातमी आली. तीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोव्हिशिल्ड' या नावाने बनवली आणि आपल्याकडे बहुतेकांना तीच मिळाली. म्हणजे धोका ही अफवा नव्हती. पण तो २०२४ मध्ये नव्याने सापडला, असेही नाही. ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्ये ३० वर्षांखालच्यांना आणि मे २०२१ मध्ये ४० वर्षांखालच्यांना शक्यतो दुसरी लस द्यायचे ठरवले, ते याच कारणाने.

तेव्हा धोका आहे की नाही, यावर भांडण्यात अर्थ नाही. तो किती, कुणाला, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे बघायचे.

गोठ्यातला हिशोब

हा हिशोब शेतकऱ्याला नवा नाही. लाळ्या-खुरकुताची लस टोचली की गाय एक-दोन दिवस दूध कमी देते, मानेला गाठ येते. म्हणून काही जण लसीकरणाच्या दिवशी गाय मळ्यात नेऊन बांधतात. दोन दिवसांचे दूध वाचते. पण साथ आली आणि गाय रोगातून उठली, तरी ती पूर्वीची राहत नाही. त्या वेताचे दूध तुटते, गाभण राहायला अडचण येते, आणि काही जनावरे तर पुढे कायम उन्हात धापा टाकतात. जनावर जगले म्हणून रोग फुकटात गेला, असे कुणी म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणतो : "कोरोना झाला, बरा झाला, विषय संपला."

पहिले पारडे : लस

मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आकडा दिला. कोव्हिशिल्डनंतर गुठळ्यांच्या २६ शक्य घटना, म्हणजे दर १० लाख मात्रांमागे ०.६१. त्याच वेळी हे प्रमाण ब्रिटनमध्ये ४ आणि जर्मनीत १० सांगितले गेले. आपल्याकडे नोंदी कमी होतात, म्हणून आपला आकडा दहापट धरला, तरी १० लाखांत सहाच्या आसपास येतो. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला हा आकडा सांगून समाधान होणार नाही, होऊही नये. त्यांचे दुःख खरे आहे आणि भरपाईची मागणीही रास्त आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा गुठळीचा त्रास साधारण पहिल्या चार ते सहा आठवड्यांत दिसतो. २०२१ मध्ये घेतलेल्या लसीने आज अचानक अशी गुठळी केली, असे म्हणायला आधार नाही.

दुसरे पारडे : रोग

इंग्लंडमध्ये लस घेतलेल्या २ कोटी ९० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास ऑगस्ट २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. १ कोटी लोकांना ही लस दिली, तर पुढच्या २८ दिवसांत शिरांतल्या गुठळीचे ६६ जादा रुग्ण. १ कोटी लोकांना कोरोना झाला, तर १२,६१४.

यावर कुणी म्हणेल, लस सगळ्यांना टोचली, रोग थोडाच सगळ्यांना होतो? प्रश्न बरोबर आहे. पण जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर रक्त तपासले, तेव्हा लस न घेतलेल्यांपैकीही ६२ टक्क्यांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याची खूण सापडली. आणि दहातल्या एकालाच रोग झाला असे धरले, तरी ६६ समोर १,२६१ उरतात.

मेंदूतल्या शिरेच्या गुठळीत मात्र फरक इतका मोठा नव्हता : लसीनंतर ७, रोगानंतर २०. तरुणांना मुळात रोगाचा धोका कमी. म्हणून तरुणांबाबत ब्रिटनने वेगळा निर्णय घेतला. वय बदलले की तराजू बदलतो.

मागे राहिलेली बाकी

हे झाले पहिल्या महिन्याचे. रोगाची बाकी त्यानंतरही चालू राहते. तीन महिन्यांनंतरही थकवा, धाप, छातीत धडधड, विसराळूपणा राहिला आणि त्याला दुसरे कारण सापडले नाही, तर त्याला 'लाँग कोविड' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने कोरोना झालेल्या १०० पैकी सुमारे ६ जणांना हा त्रास होतो. अमेरिकेत १,५३,७६० माजी सैनिकांच्या नोंदी पाहिल्या, तर रोगानंतर वर्षभर हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले होते. दवाखान्यात दाखल न झालेल्यांतही ते वाढलेले होते.

आता जागेवर जाणाऱ्या तरुणांचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयातल्या ७२९ आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी दिसला. वाढला तो कोरोनाने दाखल व्हावे लागलेल्यांत, घराण्यात आकस्मिक मृत्यू असलेल्यांत, आणि मृत्यूआधीच्या ४८ तासांत अती दारू प्यालेल्या किंवा अंगाबाहेरचे कष्ट केलेल्या लोकांत.

लस घेऊनही अनेकांना कोरोना झाला, काहींना त्याची बाकीही राहिली, हे खरेच आहे. लसीने ती बाकी कमी होते, शून्य होत नाही.

मग करायचे काय?

१) दम, धडधड, थकवा महिनोन् महिने असेल, तर "सुईनं झालं" म्हणून घरी बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर, रक्त आणि हृदयाची तपासणी करून घ्या. कोरोना कधी झाला होता, तेही डॉक्टरांना सांगा. कारण चुकीचे धरले की औषधही चुकते.

२) जास्त कामानंतर दुसऱ्या दिवशी अंग मोडून पडत असेल, तर काम तोडून तोडून करा. अशा माणसाला "आळशी झालास" म्हणून औताला जुंपू नका.

३) कोरोनाची पुढची मात्रा घ्यायची का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. वीस वर्षांच्या धडधाकट पोराचा आणि सत्तरीतल्या साखरेच्या आजोबांचा हिशोब एक नसतो.

४) हा राग दुसऱ्या लसींवर काढू नका. बाळाची गोवराची लस आणि कुत्रे चावल्यावरची सुई यांचा कोरोनाच्या वादाशी संबंध नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगात उतरला, तर माणूस वाचत नाही. तिथे एक दिवसही थांबू नका.

(लेखक पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहेत.)