ग्रीन कार्ड ठेवायचं की नागरिक व्हायचं? बाबांच्या एका प्रश्नाचं उत्तर

(भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून किंचित संपादन केलं आहे.)

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून तुम्ही सुचवत होता आणि मी टाळत होतो. टाळत होतो, कारण माझंच ठरत नव्हतं. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मला कार्ड मिळालं २०२१ मध्ये, म्हणजे यंदा माझी पाच वर्षं भरली. आता अर्ज करायचा की आहे तसंच राहायचं?

महिनाभरापूर्वी फोनवर बाबांना हे सांगितलं. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. सात एकर वावर आहे. कपाशी, तूर, पाणी बरं झालं तर हरभरा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू तिकडचा झाला, तं वावर तुह्या नावावर चढन का? येवढंच सांग मले."

मला उत्तर देता आलं नाही. चौदा वर्षं बाहेर राहून मला हे माहीत नव्हतं. मग नियम वाचले, एका सीएशी आणि एका वकिलाशी बोललो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

आधी वावराचं

आपल्याकडे सगळ्यांची समजूत अशी की भारतीय पासपोर्ट आहे तोवर शेतीवर हक्क, आणि तो सोडला की हक्क गेला. हे अर्धंच खरं आहे.

परदेशी चलनासंबंधीचा जो कायदा आहे, फेमा, तो स्थावर मालमत्तेच्या बाबतीत फक्त पासपोर्ट पाहत नाही, तुम्ही राहता कुठे हेही पाहतो. त्या कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डवाला, दोघांनाही फ्लॅट, प्लॉट, दुकान विकत घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र दोघांनाही घेता येत नाही. म्हणजे आमच्या धुऱ्याला लागून असलेलं दोन एकर वावर विकायला निघालं तेव्हा "मी पैसे पाठवतो, माझ्या नावावर घ्या" असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, ते मुळात होण्यासारखंच नव्हतं. तेव्हा माझ्या खिशात भारतीय पासपोर्ट होता. तरीही नाही.

आता बक्षीसपत्र. वऱ्हाडात अनेक बाप हयातीतच मुलाच्या नावावर जमीन करून देतात, नंतर भावाबहिणींत वाद नको म्हणून. पण मुलगा अनिवासी असेल तर शेतजमीन त्याला बक्षीस म्हणूनही देता येत नाही. घर देता येतं, वावर नाही.

आणि वारसा? तो मिळतो. भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारसाहक्कानं शेतजमीन अनिवासी भारतीयालाही येते आणि ओसीआयलाही येते. मृत्युपत्रानं येवो की वारस फेरफारानं, सातबाऱ्यावर नाव चढतं. पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, आणि आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो. आलेले पैसे एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. सात एकर कोरडवाहूला ती मर्यादा काही आडवी येत नाही.

थोडक्यात, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: हो, चढेल. मी भारतीय राहिलो तरी चढेल, अमेरिकन झालो तरी चढेल. फक्त बक्षीसपत्र करू नका, मृत्युपत्र करा. आणि त्यात ताईचाही विचार करा, कारण ती अकोल्यात आहे, वावर तीच पाहते, आणि वारसाहक्क तिचाही माझ्याइतकाच आहे.

मग नेमकं जातं काय?

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा, दोन्हींत स्पष्ट आहे: स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. अर्ज करायची, कोणी काढून घ्यायची गरज नाही. तिकडे शपथ घेतली, इकडचं संपलं. त्यानंतर जुना पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे. तो जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जर्मनीनं जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, तेव्हा तिकडच्या श्रोत्यांनी मला आनंदानं मेसेज केले होते. मंडळी, जर्मनी हो म्हणून उपयोग नाही, भारतानंही हो म्हणायला पाहिजे.

पासपोर्ट गेल्यावर हाती येतं ते ओसीआय. नावात 'सिटिझन' आहे, पण हे नागरिकत्व नाही. आयुष्यभराचा व्हिसा आहे: हवं तेव्हा या, हवं तितकं राहा, पोलिसांकडे नोंदणी नको. मतदान मात्र नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण अशा कामांना वेगळी परवानगी लागते. आणि सरकार कायद्यातल्या कारणांवरून हे कार्ड रद्दही करू शकतं. हक्क आणि सवलत यातला हा फरक आहे, तो विसरू नका.

मतदानाचं थोडं मनातलं बोलतो. अनिवासी भारतीयाला २०११ पासून आपल्या गावच्या यादीत नाव घालता येतं, सहा-अ नंबरचा फॉर्म भरून. मत द्यायला मात्र स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं. २६ एप्रिल २०२४ ला अमरावती आणि अकोला दोन्हीकडे लोकसभेचं मतदान होतं. मी इथे न्यू जर्सीत बसून मोबाईलवर टक्केवारी पाहत होतो. चौदा वर्षांत एकदाही मत दिलं नाही, इकडेही नाही, तिकडेही नाही. पासपोर्ट सोडताना मतदानाचा हक्क जाईल म्हणून हळहळणारा मी, तो हक्क वापरला कधी? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि गप्प बसलो.

उलट बाजूचं उदाहरण श्री ठाणेदारांचं. बेळगावचा मराठी माणूस, १९७९ मध्ये अमेरिकेत आले, १९८८ मध्ये नागरिक झाले, २०२२ मध्ये मिशिगनमधून तिथल्या संसदेवर निवडून गेले. त्यांची मतं पटोत न पटोत, पण ग्रीन कार्डावर हा रस्ता नाही. जिथे कर भरता, मुलं शाळेत घालता, तिथल्या शाळा-मंडळापासून संसदेपर्यंत तुमचं मत मोजलं जावं असं वाटत असेल, तर नागरिक व्हावंच लागतं.

'कायम' या शब्दावर जाऊ नका

वऱ्हाडच्या माणसानं खरं तर 'कायम' शब्दाला फसू नये. १८५३ पासून आपला मुलूख कारभाराला इंग्रजांकडे आणि नावाला निजामाचा होता. १९०२ मध्ये निजामानं तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं दिला. कायमच्या! अर्ध्या शतकाच्या आत तो पट्टाही संपला आणि पट्टा घेणारेही गेले.

ग्रीन कार्डाचं तसंच आहे. त्याला कायम वास्तव्य म्हणतात, पण ते टिकतं एका अटीवर: तुम्ही खरोखर तिथे राहायचं. वर्षाहून जास्त बाहेर राहिलात आणि आधी परतीचा परवाना काढलेला नसेल, तर कार्डावर आत येता येत नाही. तो परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा, आणि अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. शिवाय नागरिकत्वासाठी जी पाच वर्षं मोजतात, त्यात एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सलगता तुटल्याचं धरतात. ती तुटली नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि त्या पाच वर्षांत निदान तीस महिने प्रत्यक्ष तिथे असावं लागतं.

ही अट मला पाठ आहे, त्याचं कारण आहे. २०२३ मध्ये बाबांच्या अंगावरून वारं गेलं. त्यांना अकोल्याला आणलं, मीही पोचलो. ऑफिसनं तिथूनच काम करू दिलं. दिवसा बाबांचा व्यायाम, रात्री लॅपटॉप. ते काठी घेऊन दहा पावलं चालायला लागले तेव्हा मला साडेपाच महिने झाले होते. अजून दोन-तीन महिने राहिलो असतो तर बरं झालं असतं, डॉक्टरही तसंच म्हणाले. पण मी कॅलेंडर पाहिलं आणि तिकीट काढलं. ताईनं मला स्टेशनवर सोडलं. ती काही बोलली नाही.

तेव्हा मला वाटायचं, भारतीय पासपोर्ट मला घराशी बांधून ठेवतो. पण त्या दिवशी मला घरून उठवलं ते ग्रीन कार्डानं. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय असतं, तर मी दर्यापूरला दोन वर्षं राहिलो असतो आणि मला कोणी विचारलं नसतं. परका झालो तर घरी जास्त दिवस राहता येतं. हे उलटं वाटतं, पण कागदावर हे असंच आहे.

तर ठरवायचं कसं?

'मी भारतीय राहीन का' या प्रश्नापासून सुरुवात केली की माणूस अडकतो. माझ्या मते आधी हे विचारा: पुढची दहा वर्षं मी कुठे राहणार, आणि मध्येच कोणाजवळ जाऊन राहायची वेळ येऊ शकते?

मुक्काम अमेरिकेतच, पण आई-वडिलांसाठी केव्हाही लांब मुदतीनं जावं लागेल, अशी स्थिती असेल तर नागरिकत्व आणि ओसीआय जास्त सोयीचं. आई-वडिलांना इकडे कायमचं आणायचं असेल तरीही तेच, कारण त्यांच्यासाठी अर्ज फक्त नागरिकालाच करता येतो.

पण परत जायचं पक्कं असेल तर उत्तर बदलतं. माझा एक अकोल्याचा मित्र आहे. त्याला बार्शीटाकळीकडे जमीन घेऊन संत्र्याची बाग करायची होती. तो कार्ड परत करून भारतात गेला. भारतीय नागरिक आणि भारतात निवासी असल्यामुळे, आणि घरची शेती नावावर असल्यामुळे, त्याला जमीन विकत घेता आली. नागरिकत्व सोडलं असतं तर ही वाट बंद होती. ओसीआयच्या हक्कांत शेतजमिनीची खरेदी नाहीच.

त्यानं आणखी एक गोष्ट बरोबर केली: वेळेत निघाला. गेल्या १५ पैकी ८ वर्षं ग्रीन कार्ड असेल तर ते सोडतानाही अमेरिकेचे देश सोडण्याचे कर-नियम लागू होऊ शकतात. आणि कराच्या बाबतीत एक गैरसमज काढून टाका. नागरिक झालो तरच जगभरच्या उत्पन्नावर कर, असं नाही. ग्रीन कार्डवाल्यालाही तो आहेच. वावराचं उत्पन्न भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेच्या विवरणात दाखवावं लागतं. फरक इतकाच की कार्ड परत करून यातून सुटता येतं, नागरिक मात्र जगात कुठेही राहिला तरी विवरण भरत राहतो. म्हातारपण अमरावतीत काढायचं असेल तर हे आधीच मोजा.

अर्ज करायचाच असेल तर व्यवहाराच्या दोन गोष्टी. नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा बदलली आहे: २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. आणि शपथेची तारीख जपून निवडा. शपथ झाली की भारतीय पासपोर्ट निकामी, अमेरिकन यायचा असतो, ओसीआयला त्याहून वेळ लागतो. त्या काही आठवड्यांत घरून फोन आला तर दूतावासात तातडीच्या व्हिसासाठी धावावं लागतं. घरी कोणी आजारी असेल तर आधी जाऊन या, मग शपथ घ्या.

माझं काय ठरलं

मी अर्ज भरणार आहे. आनंदानं नाही, पण विचार करून. बाबांना हे सगळं फोनवर समजावलं: वावर वारसानं चढतं, बक्षीसपत्र नको, मृत्युपत्र करू, ताईला पुढ्यात बसवून करू. मग म्हणालो, "बाबा, पण माझा पासपोर्ट अमेरिकेचा होईल, भारताचा राह्यणार नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पासपोर्ट कोणताबी ठेव. मी बिमार पडलो तं ह्या खेपेले पुरा टाइम राह्यशीन ना?"

हो म्हणालो. आणि ते हो म्हणता यावं, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे.

तुमची परिस्थिती वेगळी असेल, तर उत्तरही वेगळं येईल. कॅनडात कार्ड टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस राहावं लागतं, आखातात हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही. तेव्हा सही करायच्या आधी तुमच्या देशाचे नियम तपासा, सीए आणि वकील दोघांशी बोला. आणि घरच्यांशी बोला. ते कदाचित वेगळाच प्रश्न विचारतील.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.