भिकू विलायतेला जातो

आमच्या भिकूचा जन्म कोथरूडमधल्या एका बंद पडलेल्या टेम्पोखाली झाला. कुळशील विचाराल तर शून्य. एक कान उभा, एक पडलेला. भुंकणं मात्र खानदानी! बाळंतपणाला माहेरी आलेल्या आमच्या लेकीनं भर पावसात त्याला टॉवेलात गुंडाळून घरात आणलं, तेव्हा हा प्राणी पुढे साहेबाच्या देशात जाईल असं कोणी म्हटलं असतं, तर आम्ही पोट धरून हसलो असतो.

2024 च्या फेब्रुवारीत जावयांना लीड्सला नोकरी मिळाली. घरात पेढे आले. नऊ वर्षांच्या नातवानं पेढा हातात धरून एकच प्रश्न विचारला, ‘‘आजोबा, भिकूचा पासपोर्ट कुठे काढायचा?’’

शेजाऱ्यांचं मत पडलं की कुत्रं आजोबांकडे ठेवावं. खरं सांगायचं तर, माझंही मनातून तेच होतं. पत्नी गेल्यापासून रात्री माझ्या पायाशी झोपणारा जीव तोच. पण नातवासमोर तोंड उघडण्याची हिंमत झाली नाही. उलट ‘बाबा, तुम्ही रिकामेच आहात’ म्हणून भिकूच्या कागदपत्रांचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

पहिला धक्का डॉक्टरांकडे बसला. भिकूचं लसीकरणाचं पुस्तक अगदी चोख होतं, दरवर्षीचा शिक्का जागच्या जागी. मानेजवळ कातडीखाली बसवतात ती तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिपही आम्ही हौसेनं बसवून घेतली होती. पण ती बसवली शेवटच्या लसीनंतर! ब्रिटनचा नियम असा, की आधी चिप, मग रेबीजची लस. फार तर दोन्ही एकाच दिवशी. चिप नसेल तर लस टोचलेलं कुत्रं हेच, याला पुरावा काय? सरकारी तर्क असला तरी बिनतोड आहे. मार्चच्या मध्यावर पुन्हा लस. त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरलं पाहिजे. ते भरलं, तरी नमुना घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं.

हे तीन महिने मला सुरुवातीला शुद्ध छळवाद वाटले. मग डॉक्टरांनी समजावलं. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे सावकाश सरकतो. लस घेण्यापूर्वीच कुत्र्याला लागण झालेली असेल, तर ती बहुधा या मुदतीत उघडी पडते. आपला देश रेबीजच्या बाबतीत ब्रिटनच्या विश्वासातल्या यादीत नाही, म्हणून ही प्रतीक्षा आपल्या वाट्याला. आपल्या गल्लीबोळांकडे पाहिलं की रागही धरवत नाही.

शिवाय त्या बेटाला जुना चटका बसलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून रेबीज हद्दपार झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो 1918 मध्ये पुन्हा शिरला आणि 1922 पर्यंत पुरून उरला. बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने सरकारमान्य पिंजऱ्यात ठेवण्याची सक्ती ब्रिटनमध्ये 2000 सालापर्यंत होती. तेव्हापासून निवडक देशांपुरती, आणि 2012 पासून आपल्यासारख्या देशांनाही सवलत मिळाली. भिकू नशीबवान म्हणायचा! ऑस्ट्रेलियाला जायचं असतं तर आधी दुसऱ्या एखाद्या मान्य देशात महिनोन्‌महिने मुक्काम करावा लागला असता. तिथे 2015 मध्ये जॉनी डेप या नटाची दोन चिमुकली कुत्री न सांगता आणली, म्हणून मंत्र्यानं ‘परत न्या, नाहीतर मारून टाकू’ असा दम भरला होता.

जावई एप्रिलमध्ये पुढे गेले. लेक आणि नातू मात्र अडकले, कारण मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर कुत्रा ‘व्यापारी माल’ ठरतो आणि नियम बदलतात. चिपच्या एका चुकीपायी नवराबायकोची चार महिन्यांची ताटातूट झाली. लेकीनं एकदाही तोंडातून ब्र काढला नाही. पण एका रात्री ती भिकूला म्हणताना मी ऐकलं, ‘‘गधड्या, तुझ्यामुळे बरं का!’’ आणि भिकूनं शेपूट हलवलं.

हे महिने पिंजऱ्याच्या तालमीत गेले. कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरता आलं पाहिजे एवढा पिंजरा लागतो. तो दिवाणखान्यात मांडून भिकूचं जेवण आम्ही आतच देऊ लागलो. आठवडाभर तो बाहेरून मान लांब करून खाई. मग मी माझा जुना बनियन आत टाकला. दुपारी पाहतो तर स्वारी त्यावर घोरतेय. झोपेचं औषध देऊ का, या प्रश्नावर डॉक्टर कडाडले. विमानात त्यानं रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो. अनेक विमान कंपन्या असं गुंगीतलं जनावर घेतच नाहीत.

ऑगस्ट उजाडला. निघण्यापूर्वी पट्टकृमीची गोळी; तीही ब्रिटनमध्ये पाऊल ठेवण्याआधी चोवीस ते एकशेवीस तासांच्या आतच. आरोग्य प्रमाणपत्र, मुंबईतल्या केंद्र सरकारच्या पशू संगरोध कार्यालयाचा कागद, सगळं एका फायलीत. ब्रिटनमध्ये पाळीव कुत्रा विमानानं येतो तो मालवाहतुकीतूनच, त्यामुळे भिकूचं वेगळं बिल झालं. दोघांच्या तिकिटांहून मोठं! मुंबईच्या कार्गो दारात वाटीतलं पाणी सांडू नये म्हणून त्याचा बर्फ करून ठेवला होता. भिकू बर्फ चाटत होता. मी जाळीतून बोट घातलं, ते त्यानं चाटलं आणि पुन्हा बर्फाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातवाचा व्हिडिओ कॉल आला. हीथ्रोवर कागद तपासायला चार तास लागले, आणि बाहेर पडताच पहिल्या खांबापाशी भिकूनं एवढा वेळ पाय वर धरला की मागे रांग लागली! ‘‘आजोबा, त्याला हाक मारा ना.’’ मी हाक मारली. भिकूनं दोन्ही कान टवकारले (पडलेलाही, जमेल तेवढा) आणि फोनच्या मागे जाऊन हुंगू लागला.

आता दिवाणखान्यात पिंजऱ्याएवढी जागा मोकळी आहे. खुर्ची अजून तिथे सरकवलेली नाही. इतके फॉर्म भरले, की त्याच्या चिपचा पंधरा आकडी क्रमांक मला तोंडपाठ आहे. लेकीचा तिथला फोन नंबर मात्र बघूनच लावावा लागतो.