वरून भरली, आतून भरली का?

जुळे सोलापुरातल्या एखाद्या घरात सकाळच्या घाईत विळीवर बोट कापते. कुणीतरी हळदीचा डबा काढते, चिमूटभर हळद दाबून वर चिंधी बांधली जाते. चार दिवसांत खपली धरते आणि श्रेय हळदीला मिळते. खरे काम मात्र शरीराने केलेले असते.

कापलेली रक्तवाहिनी आधी आकसते. रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि काही मिनिटांत गुठळी तयार होऊन रक्त थांबते. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतली थोडी लाली, ऊब आणि सूज ही या सफाईचीच खूण. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बांधकाम सुरू होते. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजन या प्रथिनाचे धागे तयार होतात आणि कडेची त्वचा सरकत येऊन जखम झाकते.

सोलापूरकरांना मागाच्या भाषेत सांगायचे तर हे पहिले धागे घाईत, आडवेतिडवे टाकलेले असतात. ते काढून पुन्हा नीट विणण्याचे काम पुढे वर्षभरही चालते. साधारण आठवडा-दहा दिवसांनी टाके काढतात, तेव्हा जखमेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जाते, पूर्ववत मात्र कधीच होत नाही. म्हणूनच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाके निघाले तरी भरलेली घागर किंवा धान्याचे पोते उचलायला काही आठवडे मनाई असते.

हे काम सर्वांत जास्त अडते ते मधुमेहात. वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे खडा रुतला तरी कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने रक्त कमी पोचते आणि पांढऱ्या पेशीही मंदावतात. तंबाखू आणि विडीतले निकोटिन रक्तवाहिन्या आणखी आकसवते. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो भाविक पायी जातात, त्यांतले कित्येक अनवाणी. मधुमेह असलेल्याच्या तळव्याला वाटेत फोड आला आणि तो दुखला नाही, तर ती देवीची कृपा समजू नये. न दुखणारी जखमच पाय गमावण्यापर्यंत नेते. अशा व्यक्तीने पायात बूट-मोजे घालूनच चालावे आणि रोज रात्री तळवे पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांकडून पाहून घ्यावेत.

मग हळदीचे काय? जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा उपयोग भारतात पूर्वापार माहीत आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले. डब्यातली हळद उघड्या जखमेवर घालावी, असा त्याचा अर्थ नव्हे. ती निर्जंतुक नसते आणि तिच्या पिवळ्या थराखाली जखमेचा रंगही दिसत नाही. चुना, राख, कॉफी पावडर यांचेही तेच.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उघडता दाबून धरावे. मग वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुऊन स्वच्छ पट्टी बांधावी. जखम उघडी ठेवून सुकवली की लवकर भरते, हा समज चुकीचा आहे. झाकलेल्या, किंचित ओलसर जखमेवर नवी त्वचा लवकर सरकते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. जेवणात डाळ, शेंगा, अंडी अशी प्रथिने हवीत. पेरू, आवळा, लिंबूही हवे, कारण क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन पक्के होत नाही.

लाली पसरू लागली, पू किंवा ताप आला, दोन आठवड्यांत जखम लहान झाली नाही, तर रुग्णालय गाठावे. मधुमेह असेल आणि जखम पायाला असेल, तर त्याच दिवशी.